बोर्ड गेला म्हणून अख्खा पंखा भंगारात का जावा?

प्रश्न एका तरुण डिझाइन इंजिनिअरचा आहे. पंखे बनवणाऱ्या एका लहान कंपनीत तो दोन वर्षांपासून काम करतो आणि कंपनी आता बीएलडीसी पंखा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, बाजारात आणते आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला की गिऱ्हाईक अख्खा पंखा भंगारवाल्याला देतं. दुरुस्त होईल असा पंखा करायची माझी इच्छा आहे. पण साहेब म्हणतात, खर्च वाढेल, दमट हवेत बोर्ड टिकणार नाही, आणि कुणी उघडून शॉक बसला तर जबाबदार कोण? सुरुवात कुठून करू?"

मी या कामात अठ्ठावीस वर्षं आहे. पहिली पाच वर्षं सांगलीत मामाच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेली, पुढची सगळी पुण्यात, घरगुती उपकरणांच्या डिझाइन विभागात. बोर्ड काढण्याचं आणि बोर्ड घडवण्याचं, अशी दोन्ही कामं केली आहेत. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कॉम्प्युटरवर करू नका. आठ दिवस सुट्टी काढा आणि पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या मिस्त्रीच्या दुकानात जाऊन बसा. त्याच्या टेबलावर काय असतं ते वहीत लिहा: 25 वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, शिशाचं सोल्डर, एक मल्टिमीटर, सिरीज बल्ब, फुली आणि चपट्या तोंडाचे चार-पाच स्क्रूड्रायव्हर, पक्कड, एक जुना टूथब्रश आणि थिनरची बाटली. फार तर हॉट एअर गन. तुमचा पंखा आयुष्यात कधीतरी या टेबलावर येणार आहे. एवढ्याच हत्यारांनी, अर्ध्या तासात, बाजारात मिळणारा भाग घालून तो चालू झाला पाहिजे. डिझाइनची ही अट पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, कारण साचे एकदा कापले गेले की कुणी तुमचं ऐकणार नाही.

जुना पंखा आठवा. त्याला तीनच आजार होते. हाताने ढकलल्यावर फिरायला लागला तर कंडेन्सर गेला. घरघर आली तर बेअरिंग. जळका वास आला तर वाइंडिंग. कंडेन्सर बहुतेक 2.5 मायक्रोफॅरडचा, कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात लटकत असतो. बेअरिंग बहुधा 6202 नंबरचं: आतलं छिद्र 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 35, रुंदी 11. हा नंबर सावंतवाडीतही चालतो आणि गडचिरोलीतही. पंखा कुठल्या कंपनीचा आहे हे दुकानदार विचारतसुद्धा नाही. वाइंडिंग करून देणारा प्रत्येक तालुक्याच्या गावात असायचा. आपल्या घरांत तीस-तीस वर्षांचे पंखे आजही फिरताहेत ते याच जोरावर. लोक दुरुस्तीची गोष्ट निघाली की स्क्रूंबद्दल बोलतात. माझ्या मते स्क्रू दुय्यम आहेत. दुरुस्ती टिकते ती सामाईक मापावर. कंपनी बुडाली, मॉडेल बंद पडलं, तरी 6202 मिळतच राहतं.

याचा अर्थ बीएलडीसी पंखा वाईट, असा मुळीच घेऊ नका. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, नवा 30 च्या. दिवसाला बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आणि बाजार या बाजूला वळला, ते योग्यच झालं. अडचण एवढीच की तांब्याचं वाइंडिंग, ॲल्युमिनियमचं कव्हर, चुंबक, पाती, दांडी हे सगळं पंचवीस वर्षं टिकेल असं आहे आणि त्यांच्या मधोमध आपण तीन-चार वर्षांत जाऊ शकणारा बोर्ड बसवला आहे. तो बोर्ड फक्त आपल्याच कंपनीकडे मिळतो, तोही मॉडेल चालू असेपर्यंत.

पुढे काय होतं तेही पाहून या. भंगारवाला तांबं आणि ॲल्युमिनियम काढून घेतो. फेराइटच्या चुंबकाला कोणी विचारत नाही. उरलेले बोर्ड पोत्यांत भरून पुढे जातात आणि त्यातले कितीतरी अशा ठिकाणी पोचतात जिथे माणसं उघड्यावर वायरी जाळतात, ॲसिडच्या टबात बोर्ड बुडवतात. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा करून प्रक्रिया केल्याची नोंद आहे ती फक्त 22.3 टक्क्यांची. या ढिगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा छोट्या घरगुती उपकरणांचा आहे. रिसायकलिंग हवंच. पण बोर्डावरच्या बारीक भागांतलं बरंचसं साहित्य कुठल्याही भट्टीतून परत हाती येत नाही. पंखा पंखाच राहिला, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

तेव्हा तुमचं खरं काम हे: या पंख्यात आधी काय मरणार ते ओळखायचं, आणि तो भाग मिस्त्रीला सापडेल, त्याच्या हाताला लागेल आणि बाजारात मिळेल असा ठेवायचा.

आधी मरतो तो सप्लायच्या तोंडाशी बसलेला भाग. खांबावर न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत सप्लाय येऊ शकतो. अशा वेळी इनपुटवरची एमओव्ही, म्हणजे ती निळी किंवा पिवळी चपटी चकती, स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि मागचा बोर्ड वाचतो. तिचं काम तिने केलं. पण बहुतेक पंख्यांत ती चकती, फ्यूज आणि मुख्य सर्किट एकाच बोर्डावर असतात आणि वरून रेझिन ओतलेलं असतं. दहा-बारा रुपयांच्या दोन भागांनी जीव देऊन जो बोर्ड वाचवला, तो आपण त्यांच्यासकट फेकून देतो. मला याचा मनापासून त्रास होतो.

तर, इनपुटचा भाग वेगळा करा. अंगठ्याएवढी छोटी पट्टी, तिच्यावर फ्यूज, एमओव्ही, लागलाच तर एनटीसी (चालू करतानाचा विजेचा झटका अडवणारा रेझिस्टन्स), एका टोकाला वायर कसायचे टर्मिनल, दुसऱ्या टोकाला लॉकवाला कनेक्टर. फ्यूजच्या शेजारी बोर्डावरच त्याचं माप छापा, ठळक: किती अँपिअर, किती व्होल्ट, स्लो की फास्ट. हे छापण्याला पैसे पडत नाहीत. काही स्वस्त बोर्डांत फ्यूजऐवजी फ्युजिबल रेझिस्टन्स असतो; तो जळून काळा पडला की वरचे रंग वाचता येत नाहीत आणि मग मिस्त्री तिथे तार टाकतो. त्याला दोष देऊ नका. माप छापलेलं असतं तर त्याने तो रेझिस्टन्स आणून बसवला असता. असुरक्षित जुगाड जन्माला येतो तो आपण दडवलेल्या माहितीतून.

दुसरा मरणारा भाग म्हणजे बोर्डावरचा, वीज साठवणारा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. इथे हिशेब करून दाखवतो, कारण साहेबांना हिशेबच पटेल. या कंडेन्सरवर लिहिलेलं असतं: 105 अंश, 2000 तास. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे 95 अंशाला 4000 तास, 85 ला 8000, 65 ला 32,000. आता अकोल्यातलं किंवा चंद्रपुरातलं पत्र्याचं किंवा वरच्या मजल्याचं घर घ्या. मे महिन्यात छतालगतची हवाच पन्नाशीला टेकते. त्यात पंख्याच्या बंद कपात, म्हणजे बोर्ड झाकणाऱ्या वाटीसारख्या कव्हरात, मॉस्फेटच्या (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या, तापणाऱ्या भागाच्या) शेजारी बसलेला कंडेन्सर 85 च्या आसपास गेला तर नवल नाही. पंखा दिवसाला पंधरा तास, वर्षाला तीनशे दिवस चालला तर 4500 तास होतात. सतत एवढं तापमान राहिलं तर 8000 तास म्हणजे पुरती दोन वर्षंही नाहीत. तोच कंडेन्सर 10,000 तासांचा घ्या, किमतीत फरक काही रुपयांचा आहे, आणि त्याच जागी 40,000 तास होतात, म्हणजे जवळपास नऊ वर्षं. शिवाय त्याला मॉस्फेटपासून दोन सेंटिमीटर लांब सरकवा. बोर्डाच्या नकाशात दोन सेंटिमीटर सरकवायला खर्च शून्य येतो. फक्त वेळेवर कुणीतरी हट्ट धरावा लागतो.

आणि तो पायांचा कंडेन्सर ठेवा, आरपार भोकांतून बसणारा. त्याचा पाय मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला थेट जोडू नका. मध्ये चार बारीक दुवे ठेवून उष्णता अडवा. शिसेविरहित सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळतं, जुनं शिशाचं 183 ला. रुंद तांब्याला चिकटलेला पाय 25 वॅटच्या इस्त्रीने सुटतच नाही. मिस्त्री जोर लावतो आणि बोर्डावरची पट्टीच उखडून येते. डाग (म्हणजे सोल्डरचा जोड) काढताना बोर्ड गेला, असं ज्याला म्हणतात तो बोर्ड पुष्कळदा डिझाइनरने घालवलेला असतो.

आता पॉटिंगबद्दल, म्हणजे बोर्डावर रेझिन ओतण्याबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी रत्नागिरीला बहिणीकडे गेलो होतो. तिचं वॉशिंग मशीन बंद होतं. कंपनीच्या माणसाने अख्खा बोर्ड बदलायला सांगितला होता. रक्कम ऐकून ती नवीन मशीन घ्यायच्या विचारात होती. मी मागचं कव्हर काढलं. बोर्ड काळ्या ट्रेमध्ये, वरून अर्धा इंच करडं, कडक रेझिन. दार लॉक करणारा रिले, म्हणजे बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच, चिकटला असावा असा माझा अंदाज होता. बाजारातून हॉट एअर गन आणली, रेझिन तापवून बांबूच्या काड्यांनी आणि दात कोरायच्या स्टीलच्या आकड्याने कणाकणाने उकरत बसलो. तीन तासांनी रिलेचे पाय दिसले. शेवटचा तुकडा उचलला तेव्हा त्याच्या पोटाला चिकटून चार बारीक रेझिस्टन्स बोर्डावरून उपटून आले, तांदळाच्या कणीएवढे. ते कुठल्या मापाचे होते हे कळायला काही मार्ग नव्हता. रिले चिकटलाच होता, अंदाज बरोबर होता. पण बोर्ड आता खरोखर मेला होता. बहिणीने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे दादा, नवीन घेऊ." ते मशीन ज्या कंपनीचं, तिच्या डिझाइन विभागात मी तेव्हा काम करत होतो. पॉटिंगचा निर्णय ज्या बैठकीत झाला त्या बैठकीत मी हजर होतो आणि काही बोललो नव्हतो.

पॉटिंग करण्यामागची कारणं खरी आहेत, ती मान्य करूनच बोललं पाहिजे. कोकणची हवा, बोर्डावर जमणारं दव, झुरळं, मुंग्या, एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये दोन टर्मिनलांवर पडून मेलेली पाल, हे सगळं मी पाहिलं आहे. पण या प्रत्येकाला दुसरं उत्तर आहे. झाकणाला खाच आणि तिच्यात रबराची दोरी बसवली की कीटक आत जात नाहीत. वायर खालच्या बाजूने आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाशीच ठिबकून जातं. बोर्डावर ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात मारा. दमटपणा अडतो आणि दुरुस्तीच्या वेळी ते लॅकर थिनरने निघतं किंवा इस्त्रीच्या टोकाने त्यातूनच डाग देता येतो. अगदीच ओतायचं असेल तर कडक इपॉक्सी टाळा. मऊ सिलिकॉन जेल वापरा, ते नखाने सोलून निघतं. आणि रिले, फ्यूज, कनेक्टर हे जेलच्या बाहेर राहतील असा बांध ट्रेमध्येच घाला.

पंख्याला तर पाण्याचा संबंधच नाही. पंख्याच्या बोर्डावर रेझिन का ओततात, असं मी अनेकांना विचारलं आहे. थरथर सहन व्हावी म्हणून, असं एक उत्तर येतं. त्यासाठी उंच भागांच्या बुडाशी सिलिकॉनचा एक ठिपका पुरतो. दुसरं उत्तर दबक्या आवाजात येतं: सर्किटची नक्कल होऊ नये म्हणून. ज्याला नक्कल करायची आहे तो रेझिन काढून करतोच. अडतो फक्त मिस्त्री.

बोर्ड आणि मोटर यांच्यामधल्या जोडणीकडे येतो. मोटरच्या तीन वायरी बोर्डावर थेट डाग देऊन जोडू नका, कनेक्टर द्या, आणि वायर चार बोटं जास्त ठेवा म्हणजे बोर्ड बाहेर काढून टेबलावर चालवून बघता येईल. कपाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावा: मोटर किती व्होल्टची, किती पोलची, कमाल किती वॅटची. कारण असं आहे की बाजारात आता युनिव्हर्सल किट, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या पंख्याला लावायचे तयार बोर्ड, मिळतात. तुमची कंपनी उद्या बोर्ड पुरवू शकली नाही तर मिस्त्री ते किट लावून पंखा जिवंत ठेवील. पण 24 व्होल्टवर चालणाऱ्या मोटरला थेट 300 व्होल्टच्या पुढचं किट जोडलं तर पंखा जाईल आणि कदाचित आग लागेल. हे टाळायला एक स्टिकर पुरतो. तुमच्या साहेबांना हे आवडणार नाही. त्यांना वाटेल आपण दुसऱ्याचं किट लावायचं आमंत्रणच देतो आहोत. त्यांना जुन्या पंख्याच्या कंडेन्सरची आठवण द्या. तो कुणाचाही चालतो, म्हणून त्या कंपन्यांचे पंखे कमी विकले गेले असं काही झालं नाही.

रिमोटचंही तेच. रिमोट हरवला म्हणून पंखा एकाच वेगावर अडकलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं की वेग बदलेल एवढी सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा. रिमोट नव्याने जोडायची पद्धत वरच्या कपावर तीन ओळींत छापा.

स्क्रू आणि लॉक यांवर थोडं. प्लास्टिकच्या खांबात थेट घुसणारा स्क्रू दोन-तीन वेळा काढला-लावला की आटे जातात आणि मग कव्हर फेविक्विकने चिकटवलं जातं. जो कप दुरुस्तीसाठी उघडावाच लागणार आहे तिथे पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, घाला. बाकी ठिकाणी नको. सगळे स्क्रू एकाच लांबीचे, फुलीचे. वेगवेगळ्या लांबीचे असले तर लांब स्क्रू चुकीच्या जागी जातो आणि वाइंडिंगला टोचतो. लॉकची बोटं वापरायची असतील तर कुठे दाबायचं ते बाणाने बाहेरून दाखवा, आणि बोट तुटलं तरी कव्हर एका स्क्रूवर टिकेल असं बघा, कारण उष्णतेने आणि धुळीने एबीएस प्लास्टिक पाच-सात वर्षांत कडक होतं आणि पहिल्या दाबालाच मोडतं.

शॉक बसण्याची भीती, म्हणजे साहेबांचा तिसरा मुद्दा. हा मुद्दा मी फार गंभीरपणे घेतो. 230 व्होल्टचा सप्लाय डीसी होऊन कंडेन्सरवर 325 व्होल्ट साठतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात. तेव्हा कंडेन्सरला समांतर रेझिस्टन्स लावा. 10 मायक्रोफॅरडला 240 किलोओमचे दोन, एकापुढे एक, लावले तर अर्ध्या मिनिटात तो रिकामा होतो आणि त्यापायी सतत जळणारी वीज पाव वॅटही नाही. शेजारी मराठीत आणि हिंदीत छापा: "सप्लाय काढल्यावर एक मिनिट थांबा." उघडता न येणारी वस्तू सुरक्षित असते, ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडे वस्तू उघडली जातेच. कुणी ठोकून उघडतं, कुणी कापून. नीट उघडणारी वस्तूच सुरक्षित करता येते. याला अपवाद आहेत आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजेत. मायक्रोवेव्हचं हाय व्होल्टेज सर्किट, फुगलेली लिथियम बॅटरी, बॅटरी पॅकमधले सुटे सेल, या गोष्टी मी घरी उघडायला कुणालाही सांगणार नाही. तिथे अख्खा पॅक सहज बदलता यावा, पण पॅक स्वतः बंद असावा.

खर्चाचा हिशेब मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. समजा वर्षाला एक लाख पंखे, वॉरंटीत तीन टक्के तक्रारी, म्हणजे तीन हजार. एका तक्रारीला बोर्डाचे 300 आणि माणूस पाठवण्याचे 250 धरा. त्यातल्या निम्म्या तक्रारी इनपुटच्या असतील आणि तिथे 300 च्या बोर्डाऐवजी 25 रुपयांची पट्टी बदलली, तर 1500 गुणिले 275, म्हणजे चार लाख साडेबारा हजार वाचतात. वेगळी पट्टी आणि कनेक्टर यांचा खर्च पंख्यामागे चार रुपये धरला तर चार लाख. फिटंफाट. वॉरंटीच्या काळात दुरुस्तीयोग्य डिझाइन फार पैसे वाचवतंच असं नाही, हे कबूल करूनच साहेबांसमोर बसा. फायदा दिसतो तो पुढे. लहान गावात पंखा विकतो तो इलेक्ट्रिकचा दुकानदार, आणि मिस्त्री त्याच्याच ओट्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, "कुठला घेऊ?" आणि दुकानदार मिस्त्रीकडे बघतो. ज्या पंख्याचं किट मिळत नाही त्याचं नाव तो मिस्त्री कधीच घेणार नाही. आपल्याकडे मिक्सरने हेच सिद्ध केलं आहे: कार्बन, कपलर, भांड्याचा बुश, ओव्हरलोडचं बटण, प्रत्येक गोष्ट सुटी मिळते, म्हणून मिक्सर अजूनही दुरुस्तीला जातो.

सुट्या भागाची किंमत मात्र आधीच ठरवा आणि छापा. माझा आडाखा असा: सुटा भाग वस्तूच्या किमतीच्या पाचव्या हिश्शात आणि मजुरी धरून सगळं तिसऱ्या हिश्शात बसलं पाहिजे. अडीच हजारांच्या पंख्याला हजाराचा बोर्ड ठेवला तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्तीचा निर्देशांक छापायला लावला, दहापैकी गुण. त्यात कागदपत्रं, उघडण्याची सोय, भागांची उपलब्धता, भागांची किंमत आणि त्या वस्तूचे खास निकष, या पाचांना सारखंच वजन होतं. किमतीला स्वतंत्र गुण देणं ही त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे.

कायदा इकडेच सरकतो आहे, तेव्हा साहेबांना तेही सांगा. युरोपात 20 जून 2025 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनच्या मॉडेलला विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवावे लागतात, आणि 18 फेब्रुवारी 2027 पासून लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, आणि पुढे दुरुस्ती निर्देशांकावरही काम सुरू केलं. 1 एप्रिल 2023 पासूनचे ई-कचरा नियम उत्पादकावर रिसायकलिंगचं उद्दिष्ट टाकतात. जुनी वस्तू नीट करून पुन्हा वापरात आणली तर ती जबाबदारी पुढे ढकलण्याची सोयही त्यांत आहे. नियम लागू झाल्यावर साचे बदलण्यापेक्षा आत्ता बदलणं स्वस्त पडेल.

कागद द्यायला घाबरू नका. पूर्वी टीव्हीबरोबर सर्किटचा नकाशा यायचा, आणि मामाच्या दुकानात ते सगळे नकाशे दोऱ्यात ओवून ठेवलेले होते. कुठल्या पॉइंटला किती व्होल्ट दिसले पाहिजेत ते लाल शाईने त्यांवर लिहिलेलं असायचं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते त्या नकाशांवर. तुम्ही निदान एवढं करा: बोर्डावर पाच टेस्ट पॉइंट, म्हणजे मीटर टेकवायच्या जागा, ठेवा, शेजारी व्होल्टेज छापा, आणि क्यूआर कोडमागे दोन पानांची मराठी-हिंदी सूचना ठेवा. पंख्याच्या छोट्या दिव्याला बोलायला शिकवा: दोनदा लुकलुकला तर मोटर अडकली, तीनदा तर व्होल्टेज कमी, चारदा तर आतला भाग गरम. मिस्त्रीचा अर्धा वेळ दोष शोधण्यात जातो, आणि हा वेळ वाचला तरच तीनशे-चारशे रुपयांच्या पंखादुरुस्तीत त्याला चार पैसे सुटतात. नाहीतर तो सरळ सांगतो, "साहेब, नवीन घ्या." आणि त्याचंही बरोबरच असतं.

पहिले नमुने हाताशी आले की हे करा. दोन पंखे मुद्दाम बिघडवा, एकाची एमओव्ही आणि फ्यूज उडवून, दुसऱ्यात सुकलेला कंडेन्सर घालून. ते दोन वेगळ्या मिस्त्रींकडे न्या, आपण कोण ते सांगू नका, आणि बाजूला बसून घड्याळ लावा. तो जिथे थांबला, जिथे त्याने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला, जिथे स्क्रूड्रायव्हर बदलला, ती प्रत्येक जागा टिपून घ्या. आमच्या एका मिक्सरच्या वेळी पहिल्या नमुन्याला पन्नास मिनिटं लागली आणि कव्हरचं एक बोट तुटलं. त्या बोटाच्या जागी स्क्रू दिला, स्विचच्या वायरी चार बोटं वाढवल्या, दोन कनेक्टर वेगवेगळ्या मापाचे केले म्हणजे उलटे बसणार नाहीत. तिसऱ्या नमुन्याला बारा मिनिटं लागली. मजुरी दोघांनाही पूर्ण द्या, आणि शेवटी कोण आहात ते सांगून विचारा, अजून काय बदलू. त्या दिवशी मिळालेली उत्तरं ड्रॉइंगवर घातल्याशिवाय साचेवाल्याला होकार देऊ नका.